येरळा खोरे : उत्तर ध्रुवीय पक्ष्यांचे हिवाळी ठाणे

सातारा व सांगली जिल्ह्यांतील नदीखोरे. कृष्णेची ही डावी उपनदी खटाव तालुक्यात उगम पावते, सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातून वाहते आणि ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील या कोरड्या मुलखात नेर, येरळवाडी आणि मायणी येथील तलाव हिवाळी पाहुण्या पक्ष्यांसाठी महत्त्वाचे आहेत.

येथे येणारा प्रत्येक पाहुणा ‘सैबेरियाचा’ असा सार्वत्रिक समज आहे. तो खरा नाही. येरळवाडीला गर्दी खेचणारे रोहित पक्षी ध्रुवीय नव्हेत. भारतातील त्यांची मोठी वीण कच्छच्या रणात होते. पट्टकादंब हंस तिबेट, लडाख व मंगोलियाच्या उंच सरोवरांकाठी वाढतो. खरा ध्रुवीय पाहुणा सहसा कोणाच्या नजरेत भरत नाही. तो म्हणजे छोटा टिलवा.

चिमणीएवढा, २०–३० ग्रॅम वजनाचा, करड्या पाठीचा हा पक्षी गाळाच्या कडेने थव्याने पळत असतो. दोन पावले धावायचे, काळी बारीक चोच चिखलात भराभर टोचायची, पुन्हा धावायचे, असा त्याचा दिवसभर क्रम. त्याची वीण नॉर्वेच्या उत्तर टोकापासून सैबेरियापर्यंतच्या टुंड्रात होते. तैमीर द्वीपकल्प खटावपासून सहा हजार किलोमीटरांहून अधिक दूर आहे. तेथे जमीन खोलवर कायमची गोठलेली असते. उन्हाळ्यात फक्त वरचा थर वितळतो, पाणी मुरत नाही, डबकी साचतात आणि त्यांत कायरोनॉमिड माश्यांच्या अळ्या माजतात. येरळेच्या तलावांच्या गाळातही त्याच कुळातील अळ्या असतात. म्हणजे मुक्काम बदलला, तरी खाद्य फारसे बदलत नाही. उन्हाळा इतका तोकडा की मादी बहुधा दोनदा चार-चार अंडी घालते. एक घरटे नर उबवतो, दुसरे ती स्वतः. पिल्ले पहिल्या दिवसापासून आपले खाद्य आपणच टिपतात. प्रौढ पक्षी आधी दक्षिणेकडे निघतात. पिल्ले मागाहून, वाट दाखवणारे आईबाप सोबत नसताना.

टुंड्रात लेमिंग या उंदीरवर्गीय प्राण्याची संख्या दर तीन-चार वर्षांनी वाढते व कोसळते. ती कोसळली की ध्रुवीय कोल्हे अंड्या-पिल्लांकडे वळतात, आणि त्या हिवाळ्यात दक्षिणेकडील थव्यांत तरुण पक्षी कमी दिसतात. दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील दीर्घकालीन नोंदींतून टुंड्रातील इतर चिखलपक्ष्यांबाबत हा संबंध दिसून आला आहे. येरळेच्या तलावांवर तशी सलग नोंद व्हायला हवी.

टिलव्याप्रमाणेच बहिरी ससाण्याची फिकट रंगाची एक उपजातही टुंड्रातच वीण करून भारतात हिवाळा काढते. सह्याद्रीच्या कड्यांवरचा शाहीन ससाणा हा तिचा बारमाही भाऊबंद.

मायणी परिसरातील तलावांना २०२१ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. परंतु टिलव्याला हवी असते ती पाणी ओसरताना उघडी पडणारी ओली कड. ती नांगरून गाळपेर झाली किंवा हिवाळ्यात तलाव काठोकाठ भरून ठेवले, तर पाणी असूनही त्याची उपासमार होते. जिहे-कठापूर योजनेतून कृष्णेचे पाणी नेर तलावात येऊ लागले, हे शेतकऱ्यांच्या हक्काचेच आहे. मात्र आवर्तने ठरवताना नोव्हेंबर ते मार्च या काळात काठाचा एखादा उथळ भाग उघडा ठेवण्याची तजवीज जलसंपदा आणि वन या दोन्ही खात्यांनी मिळून केली पाहिजे.