घारापुरी : बंदरांचे बेट

घारापुरीविषयीचे बहुतेक लेखन गेटवे ऑफ इंडियापासून सुरू होते आणि महेशमूर्तीपाशी थांबते. सानपाड्यात राहून खाडीकाठच्या जुन्या बंदरांची टिपणे करताना मला हे बेट त्याच्या गावांकडून वाचावेसे वाटले. उरण तालुक्यातील या बेटावर तीन वस्त्या आहेत : वायव्येला शेतबंदर, ईशान्येला मोराबंदर आणि दक्षिणेला राजबंदर. तिन्ही नावांत बंदर आहे.

मोराबंदरला विटांच्या स्तूपाचे अवशेष आहेत. तेथील किनाऱ्यावर रोमन अ‍ॅम्फोरांची, म्हणजे मद्य-तेल वाहून नेणाऱ्या कुंभांची, खापरे मिळाली. बेटावर चौथ्या शतकातील क्षत्रपांची नाणीही सापडली. सहाव्या शतकात मुख्य शैवलेणे खोदले गेले तेव्हा येथील वर्दळ जुनीच होती. कलचुरी राजा कृष्णराज याची हलक्या किमतीची तांब्याची नाणीही येथे मिळाली. ती कारागिरांच्या मजुरीची असावीत, असे अभ्यासक वॉल्टर स्पिंक यांनी मांडले. लेणे कोणी कोरवले हे सांगणारा लेख आज तेथे नाही. म्हणून हा मजुरीचा माग मला मोलाचा वाटतो.

लेख मुळात होता. १५३४च्या वसईच्या तहाने हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला. लेण्यातील शिलालेख काढून पोर्तुगालला पाठवल्याचे त्यांचाच इतिहासकार दियोगु दु कोतु लिहितो. पुढे त्याचा पत्ता लागला नाही. राजबंदरच्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला ‘एलिफंटा’ म्हटले. १८६४ मध्ये तो विलायतेला नेण्याच्या खटपटीत फुटला. तुकडे जोडून उभा केलेला तो हत्ती आज भायखळ्याच्या जिजामाता उद्यानात आहे.

१९८७ मध्ये लेणी जागतिक वारसा ठरली. समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकून गावांत कायमची वीज आली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. मधली ३१ वर्षे संध्याकाळचे काही तास जनरेटर, मग काळोख. आज गावकऱ्यांची चूल बरीचशी पर्यटकांवर चालते : होड्या, दुकाने, खाणावळी. सोमवारी लेणी बंद, म्हणजे गल्लाही थंड. मुक्कामाची परवानगी नसल्याने पाहुणे संध्याकाळच्या होडीने परततात. मोराबंदरपर्यंत फारच थोडे जातात.

बेटाचा अभिलेख गेला, हत्ती गेला. स्तूप, खापरे आणि गावांची नावे यांतून वाचता येणारा बंदराचा इतिहास अजून जागेवर आहे. वारशाच्या जपणुकीत आता त्याची आणि तेथे राहणाऱ्यांची गणना व्हायला हवी.