विषाची साक्ष



मी डॉक्टर नव्हे आणि रसायनशास्त्रीही नव्हे. शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण कामगार संघटनेच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. तरीही माणसाच्या शरीरातील विष ओळखण्याच्या शास्त्राचा इतिहास सांगायला मी उभा आहे, याचे कारण आपल्याच शिवारात घडलेली एक गोष्ट आहे.

काही वर्षांपूर्वी जुन्नर तालुक्यात द्राक्षबागेवर औषध मारणारा एक मजूर संध्याकाळी घरी येऊन पडला. तोंडाला लाळ, अंगाला दरदरून घाम, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. पाच दिवसांनी तो उठला, हे त्याच्या बायकोचे नशीब. पण बुडालेली मजुरी आणि दवाखान्याचा खर्च मागायला आम्ही गेलो तेव्हा विचारणा झाली, "विष अंगात गेले याला पुरावा काय?" पुरावा नव्हता. पहिल्या दिवशी त्याचे रक्त तपासणीसाठी कोणी घेतलेच नव्हते. त्या दिवसापासून मी या विषयाची पुस्तके धुंडाळू लागलो.

जुन्या काळी विष म्हटले की सोमल. पांढरी पूड, चव जवळजवळ नाही, आणि पोटात गेल्यावर जुलाब-वांत्या अशा की पाहणाऱ्याला पटकीच वाटावी. ज्या मुलुखात दर काही वर्षांनी पटकीची साथ येई, तेथे सोमलाने मेलेला माणूस साथीच्या हिशेबात सहज खपून जाई. इंग्लंडात १८३२ साली अशा एका खटल्यात जेम्स मार्श या रसायनज्ञाने सोमल शोधला खरा, पण ज्यूरीपुढे दाखवायच्या वेळेपर्यंत त्याचा नमुना बिघडला आणि आरोपी सुटला. मार्शला ते लागले. १८३६ साली त्याने नवी कसोटी प्रसिद्ध केली. संशयित पदार्थात जस्त व आम्ल घालायचे. सोमल असेल तर त्याचा वायू होतो. तो वायू तापलेल्या काचनळीतून गेला की नळीच्या आत काळसर चकाकणारा थर बसतो. नमुना आता बिघडत नव्हता. न्यायाधीशाला तो डोळ्यांनी पाहता येत होता.

वनस्पतींची विषे मात्र अजून हुलकावणी देत होती. ती धातूसारखी टिकत नाहीत. १८५० साली बेल्जमच्या स्टास याने एका खुनाच्या प्रकरणात मृताच्या अवयवांतून आम्लयुक्त अल्कोहोल व ईथर यांच्या साह्याने तंबाखूचे विष वेगळे काढले. अवयवातून विष बाहेर ओढण्याची ती रीत पुढे सर्व प्रयोगशाळांचा पाया झाली.

हिंदुस्थानात मद्रासला १८४९, कलकत्त्याला १८५३, आग्ऱ्याला १८६४ आणि मुंबईला १८७० साली सरकारी रासायनिक प्रयोगशाळा निघाली. मुंबईच्या अधिकाऱ्याला 'केमिकल ॲनलायझर' म्हणत. पोलीस ठाण्यात आजही "सी. ए. रिपोर्ट यायचाय" असे जे ऐकू येते, ते याच हुद्द्याचे उरलेले नाव.

या प्रयोगशाळेला चारच वर्षांत मोठे प्रकरण मिळाले. ९ नोव्हेंबर १८७४ रोजी बडोद्याचे रेसिडेंट कर्नल फेअर यांनी पपनसाच्या सरबताचे दोन-तीन घोट घेतले, त्यांना बरे वाटेना, म्हणून उरलेले त्यांनी ओतून दिले. पेल्याच्या तळाशी गाळ दिसला. रेसिडेन्सीचे डॉक्टर सीवर्ड यांनी तो तपासला आणि मुंबईला डॉ. ग्रे यांच्याकडे पाठविला. त्यात सोमल निघाला, शिवाय एक चकाकणारी पूड. आरोप आला खुद्द मल्हारराव गायकवाडांवर. सहा जणांचे कमिशन बसले. तिघा इंग्रजांनी आरोप खरा मानला. ग्वाल्हेरचे शिंदे महाराज, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव या तिघांना तो पटला नाही. एप्रिल १८७५ मध्ये सरकारने मल्हाररावांना पदच्युत केले, पण कारण दिले ते राज्यकारभारातील गैरव्यवस्थेचे. त्याच साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, म्हणून हे साल आपण विसरू नये. पेल्यात काय आहे हे रसायनशास्त्र सांगते. ते कोणाच्या हाताने पडले हे सांगत नाही.

साहेबाच्या पेल्यातला गाळ तातडीने मुंबईला गेला, हेही लक्षात ठेवा. रस्त्यावरच्या वाटसरूचे काय होई? त्याला धोत्र्याचे बी घातलेले अन्न देऊन लुटत. धोत्र्याची कसोटी मोठी चमत्कारिक होती. रोग्याच्या लघवीतून काढलेल्या अर्काचा थेंब मांजराच्या डोळ्यात टाकायचा. बाहुली मोठी झाली की धोत्रा. गंमत अशी की धोत्र्यात असणारे ॲट्रोपिन हेच आज फवारणीच्या विषावर उतारा म्हणून टोचतात. एक बाहुली मोठी करते, दुसरे बारीक.

आता पुण्याचेच एक प्रकरण. १२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री डॉ. अनंत चिंतामण लागू एका विधवा बाईंसह रेल्वेने मुंबईला निघाले. सकाळी बाई बेशुद्ध स्थितीत गोकुळदास तेजपाल रुग्णालयात आल्या आणि त्याच दिवशी वारल्या. शवविच्छेदन झाले दहा दिवसांनी. केमिकल ॲनलायझरला विष सापडले नाही. तरीही परिस्थितीच्या पुराव्यावर डॉक्टरांना शिक्षा झाली आणि डिसेंबर १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा मताने ती कायम केली. विष सापडले नाही म्हणजे विष नव्हते असे होत नाही, ही गोष्ट देशाच्या सर्वांत वरच्या न्यायालयाने मान्य केली.

म्हणूनच नमुना कसा घ्यावा याला एवढे महत्त्व. जठर, आतड्याचा भाग, यकृत, मूत्रपिंड हे बहुधा मिठाच्या संपृक्त पाण्यात ठेवतात. रक्तात फ्लोराइडचे मीठ घालतात, म्हणजे ते कुजून त्यातच अल्कोहोल तयार होत नाही. मग मोहोर, चिठ्ठी, सही. पुढचे काम यंत्राचे. आपल्या घाटात बैलगाड्यांच्या बाऱ्या सुटतात आणि प्रत्येक बारीचे सेकंद मोजतात. तसेच लांब बारीक नळीच्या एका टोकाला मिश्रण सोडतात. प्रत्येक द्रव्य आपापल्या वेळेला दुसऱ्या टोकाला पोचते. तेथे दुसरे यंत्र त्याचे तुकडे करून त्यांचे वजन घेते आणि शुद्ध द्रव्याच्या तुकड्यांशी ताडून पाहते. अशी यंत्रे आज सरकारी प्रयोगशाळांत आहेत.

तेव्हा अडचण ज्ञानाची नाही. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याखाली १९५९ साली रक्ततपासणीचे नियम झाले. दारूच्या संशयावरून पकडलेल्या माणसाचे रक्त काढताना त्याच्या कातडीला स्पिरिट लावू नये, नाहीतर तपासणी चुकेल, इतकी बारीक काळजी त्यांत घेतली आहे. नियम योग्यच आहे. पण माझ्यासारख्याला प्रश्न पडतो. मजुराला दोषी ठरवायचे असते तेव्हा त्याचे रक्त कसे घ्यावे हे सरकारला पासष्टहून अधिक वर्षे ठाऊक आहे. त्याला न्याय द्यायचा असतो तेव्हाच ते का विसरते?

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे मेली, शेकडो आजारी पडली. फवारणीच्या पुष्कळ औषधांचा परिणाम ज्यावरून कळतो ते रक्तातील द्रव्य म्हणजे कोलिनएस्टरेज. मज्जातंतूने स्नायूला दिलेला हुकूम काम झाल्यावर पुसून टाकणे हे त्याचे काम. विषाने ते निकामी केले की हुकूम पुसला जात नाही. लाळ, घाम, झटके चालूच राहतात. ही तपासणी करण्याची सोय तेथे नव्हती, असे त्या वेळी उघड झाले.

या द्रव्याचे प्रमाण माणसागणिक निराळे असते. म्हणून फवारणीपूर्वी एकदा आणि हंगामात पुन्हा रक्त तपासावे लागते. दोन आकड्यांतील घट हीच साक्ष. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात अशी औषधे नित्य हाताळणाऱ्या शेतमजुरांसाठी १९७४ पासून ही व्यवस्था आहे. नारायणगावच्या टोमॅटोवर आणि जुन्नरच्या द्राक्षांवर फवारणाऱ्या माणसाचे रक्त त्यांच्यापेक्षा निराळे नाही.

तेव्हा माझे मागणे साधे आहे. आपल्या तालुक्यांतील सरकारी दवाखान्यांत ही तपासणी व्हावी, हंगामापूर्वी आणि हंगामात. आणि ती होईपर्यंत आपण एवढे करावे : कोणी फवारताना पडला, तर त्याच्याबरोबर औषधाचा डबा लेबलासकट दवाखान्यात न्यावा, अंगावरचे कपडे काढून अंग धुवावे, आणि उतारा चालू होत असतानाच डॉक्टरांना हात जोडून सांगावे की आजच रक्त काढून ठेवा, वेळ लिहा, कागदाची प्रत द्या. त्या द्राक्षबागेतल्या मजुरासाठी हे सांगणारे कोणी नव्हते. मीही तेथे तिसऱ्या दिवशी पोचलो.