शंभराचे एकशे चव्वेचाळीस

भारत-पाकिस्तानचे रुपये मुळात एकच. सुरुवातीला तर पाकिस्तानच्या नोटाही आपल्या नाशिकलाच छापल्या जायच्या, त्यांवर 'पाकिस्तान सरकार' एवढं जादा छापून. एकास एक भाव, हिशेब तो काय करायचा?

सप्टेंबर १९४९ मध्ये ब्रिटनने पौंड ४.०३ डॉलरवरून २.८० वर आणला. आपला रुपया पौंडाला बांधलेला (पौंडाला १३.३३ रुपये), त्यामुळे तोही सोबत उतरला. डॉलर ३.३१ रुपयांचा ४.७६ झाला. पाकिस्तानने मात्र आपला रुपया हलवला नाही. आता ४.७६ भागिले ३.३१ करून बघा. १.४४! म्हणजे त्यांच्या शंभराला आपले १४४.

भारताने हा भाव मानलाच नाही. व्यापार ठप्प. ताग पिकायचा मुख्यतः पूर्व बंगालात, आणि तागाच्या गिरण्या जवळजवळ सगळ्या हुगळीकाठी. इकडे गिरण्यांना कच्चा माल मिळेना, तिकडे शेतकऱ्याचं नेहमीचं गिऱ्हाईक तुटलं. पुढे १९५० मध्ये कोरियन युद्ध सुरू झालं, तागाला जगभर मागणी आली आणि फेब्रुवारी १९५१ च्या करारात भारताने तो दर स्वीकारला. १९५५ मध्ये पाकिस्ताननेही अवमूल्यन केलं, आणि दोन्ही रुपये पुन्हा बरोबरीला आले.

चलन वधारलं की देशाची इज्जत वाढली, असं कुणी म्हणालं की मला हाच ताग आठवतो. भाव कागदावर ठरवणं सोपं हो, समोरच्याने तो मान्य करायला हवा ना! आणि तो करेपर्यंतचा भुर्दंड सरकारं भरत नाहीत, तो पडतो शेतकऱ्यावर आणि गिरणीकामगारावर.