आक्रोश (१९८० मधील चित्रपट)

आक्रोश हा गोविंद निहलानी यांनी दिग्दर्शित केलेला आणि १९८० साली प्रदर्शित झालेला हिंदी चित्रपट आहे. त्याची कथा व पटकथा विजय तेंडुलकर यांची असून संवाद सत्यदेव दुबे यांनी लिहिले आहेत. पत्नीच्या खुनाच्या आरोपावरून अटक झालेला एक आदिवासी मजूर आणि त्याचा बचाव करण्यासाठी शासनाने नेमलेला तरुण वकील यांच्याभोवती कथा फिरते. चित्रपटाची भाषा हिंदी असली, तरी त्यातील माणसे, त्यांची आडनावे आणि निमशहरी गावातले वातावरण मराठी मुलखातले आहे. गुन्हा, तपास आणि खटला या रहस्यपटाच्या सामग्रीतून लहान गावातील पोलिस यंत्रणेचा आदिवासींविषयीचा पूर्वग्रह उघड करणारी ही कलाकृती हिंदीतील समांतर चित्रपटांत महत्त्वाची मानली जाते.

कथानक

चित्रपटाचा आरंभ स्मशानात होतो. हातात बेड्या असलेला लहान्या भिकू (ओम पुरी) पोलिसांच्या पहाऱ्यात पत्नी नागी (स्मिता पाटील) हिच्या चितेला अग्नी देतो. तिच्या खुनाचा आरोप त्याच्यावरच आहे. भास्कर कुलकर्णी (नसीरुद्दीन शाह) या नवख्या वकिलाकडे बचावाचे काम येते. परंतु आरोपी त्याच्याशी एक शब्दही बोलत नाही. त्याची बहीण आणि वृद्ध पिताही गप्प राहतात. सरकारी वकील दुसाने (अमरीश पुरी) हे भास्करचे गुरू असल्यामुळे ज्यांच्याकडून तो वकिली शिकला त्यांच्याच विरोधात त्याला उभे राहावे लागते.

आरोपी बोलत नाही, म्हणून वकीलच तपासाला निघतो. पोलिसांनी करावयाचे काम बचाव पक्षाच्या वाट्याला यावे, यातच चित्रपटाने यंत्रणेविषयी बरेच सांगून टाकले आहे. आदिवासींमध्ये काम करणारा एक कार्यकर्ता भास्करला काही सांगू पाहतो आणि नंतर नाहीसा होतो. खुद्द भास्करवर हल्ला होतो. हळूहळू स्पष्ट होते, की नागीवर अत्याचार करणारे आणि तिच्या मृत्यूला कारण झालेले लोक गावातील प्रतिष्ठितच आहेत. राजकीय पुढारी, पोलिस अधिकारी, डॉक्टर आणि जंगलाचा ठेकेदार ही मंडळी संध्याकाळी क्लबमध्ये एकत्र पत्ते खेळतात. ज्यांनी तक्रार नोंदवायची, ज्यांनी शवाची तपासणी करायची आणि ज्यांच्याविरुद्ध ती तक्रार असायला हवी, ते सगळे एकाच टेबलाभोवती बसलेले असतात. या दृश्यांत कोणी आदिवासींना मोठ्याने शिव्या देत नाही. लहान्यावरचा अन्याय द्वेषातून कमी आणि या निवांत सलोख्यातून अधिक घडतो, हे तेंडुलकरांचे निरीक्षण पुढे कथेची दिशा ठरवते.

अखेरीस लहान्याचा पिता मरण पावतो आणि अंत्यविधीसाठी त्याला पुन्हा बेड्यांसह स्मशानात आणले जाते. बहिणीवरही तीच वेळ येणार हे ओळखून तो कुऱ्हाड उचलून तिला ठार करतो आणि आकाशाकडे तोंड करून किंकाळ्या फोडतो. चित्रपटभर मुका राहिलेल्या माणसाचा हा पहिला आवाज. शीर्षकातील आक्रोश तो हाच.

मौनाचा अर्थ

आरोपीने गप्प राहणे हा कायद्याच्या दृष्टीने अपराध नाही. संविधानाच्या अनुच्छेद २० (३) नुसार कोणालाही स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही, आणि पोलिस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ च्या कलम २५ प्रमाणे आरोपीविरुद्ध वापरता येत नव्हता. ज्याला वकील नेमणे परवडत नाही अशा आरोपीला सत्र न्यायालयात शासनाच्या खर्चाने वकील देण्याची तरतूद दंड प्रक्रिया संहिता, १९७३ च्या कलम ३०४ मध्ये होती. म्हणजे कागदावर लहान्याजवळ सारे काही आहे. तरीही तो बोलत नाही, कारण खरी नावे घेतली तर बाहेर असलेल्या बहिणीचे काय होईल हे त्याला वकिलापेक्षा नीट कळते. त्याच्या मौनाला अनेकदा अगतिकता म्हटले जाते. ते अपुरे आहे. गावातील सत्तेचा अचूक हिशेब केलेला माणूस जसा गप्प बसेल तसा तो बसला आहे.

चित्रपट आला त्या सुमारास महाराष्ट्रात आणखी एका मौनाची चर्चा चालू होती. २६ मार्च १९७२ रोजी तत्कालीन चंद्रपूर (आता गडचिरोली) जिल्ह्यातील देसाईगंज पोलिस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी बलात्कार केल्याचा आरोप होता. सत्र न्यायालयाने पोलिसांना निर्दोष ठरवले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी ठरवले आणि सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष सोडले. अंगावर प्रतिकाराच्या खुणा नसणे हे संमतीचे लक्षण मानले गेले. उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहून या निकालावर टीका केली. त्यातून उभ्या राहिलेल्या चळवळीनंतर १९८३ साली फौजदारी कायद्यात दुरुस्ती झाली आणि पोलिसांच्या ताब्यातील बलात्काराची स्वतंत्र दखल घेतली गेली. त्या खटल्यात विरोधाच्या खुणा दिसल्या नाहीत म्हणून संमती गृहीत धरली गेली. चित्रपटात आरोपी बोलत नाही म्हणून दोष गृहीत धरला जातो. आदिवासीच्या गप्प राहण्याचा अर्थ दोन्हीकडे इतरांनीच लावला आहे.

दुसाने

दुसाने हे चित्रपटातील सर्वांत गुंतागुंतीचे पात्र होय. ते स्वतः आदिवासी समाजातून शिकून वर आलेले आहेत. निनावी दूरध्वनी येतात आणि पलीकडचा आवाज त्यांना त्यांच्या जातीवरून शिव्या देतो; ते ऐकून घेतात आणि कामाला लागतात. न्यायालयात ते कायद्याला धरून, नेटकेपणाने लहान्याविरुद्ध युक्तिवाद करतात. ते लाचखाऊ नाहीत, दुष्टही नाहीत. मिळवलेली जागा टिकवायची तर पुराव्यापलीकडे पाहायचे नाही, एवढाच त्यांचा नियम आहे. भास्करचा संताप शेवटी त्यांच्यावर निघतो, मात्र प्रेक्षकाला त्या क्षणी दुसान्यांचीही कीव येते. अमरीश पुरी पुढे खलनायकाच्या भूमिकांसाठी ख्यातनाम झाले. त्यांचा संयम पाहायचा असेल त्याने ही भूमिका पाहावी.

याच विषयावरील जगप्रसिद्ध चित्रपट म्हणजे नॉर्मन ज्युइसन दिग्दर्शित 'इन द हीट ऑफ द नाइट' (१९६७). अमेरिकेतील मिसिसिपी राज्यातल्या एका लहान गावात खून होतो. पोलिस रेल्वे स्थानकावर बसलेल्या एका कृष्णवर्णीयाला केवळ त्याचा रंग आणि पाकिटातील पैसे पाहून पकडतात, आणि तो फिलाडेल्फियाचा पोलिस अधिकारी निघतो. सिडनी पॉइटिए यांनी साकारलेला हा अधिकारी खुनाचा उलगडा करतो, आणि गोऱ्या पोलिसप्रमुखाच्या मनात त्याच्याविषयी आदर निर्माण होतो. त्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटासह ५ ऑस्कर पुरस्कार मिळाले. तेथे अवहेलित समाजातील माणसाच्या हाती अधिकार आल्याने सत्य बाहेर येते. 'आक्रोश'मध्ये तसाच अधिकार दुसान्यांच्या हाती आहे, पण त्याने सत्याला काही उपयोग होत नाही. अमेरिकन प्रेक्षक चित्रपटगृहातून थोडा आश्वस्त होऊन बाहेर पडतो. 'आक्रोश' ती सवलत देत नाही.

निर्मिती आणि कलावंत

निहलानी यांचा दिग्दर्शक म्हणून हा पहिला चित्रपट. त्यापूर्वी 'अंकुर' (१९७४), 'निशांत' (१९७५) आदी श्याम बेनेगल यांच्या चित्रपटांचे छायालेखन त्यांनी केले होते. 'आक्रोश'चे छायालेखनही त्यांचेच आहे. 'निशांत'ची पटकथाही तेंडुलकरांची होती. कोतवालीची सत्ता आणि तिला पोसणारे मानकरी हा विषय तेंडुलकरांनी 'घाशीराम कोतवाल' (१९७२) या नाटकात आधीच हाताळला होता, आणि ओम पुरी यांचे रुपेरी पडद्यावरील पदार्पण याच नाटकावरील १९७६ च्या मराठी चित्रपटात घाशीरामच्या भूमिकेतून झाले, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. संगीत अजित वर्मन यांचे आहे. मोहन आगाशे, अरविंद देशपांडे, नाना पळशीकर, अच्युत पोतदार या मराठी नटांबरोबर नाटककार महेश एलकुंचवार यांनीही कार्यकर्त्याची भूमिका केली आहे.

पुरस्कार आणि नंतरचा काळ

'आक्रोश'ला हिंदीतील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार आणि १९८१ च्या भारतीय आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात सुवर्णमयूर मिळाला. फिल्मफेअर पुरस्कारांत निहलानी, तेंडुलकर, नसीरुद्दीन शाह आणि ओम पुरी यांचा गौरव झाला. निहलानी व तेंडुलकर यांनी पुढे श्री. दा. पानवलकर यांच्या 'सूर्य' या कथेवरून 'अर्धसत्य' (१९८३) केला. त्यात तीच यंत्रणा एका फौजदाराच्या बाजूने पाहिली आहे.

चित्रपटातील प्रश्न न्यायालयांपुढे नंतरही येत राहिला. नाशिक जिल्ह्यात २००३ साली घडलेल्या एका हत्याकांडात भटक्या जमातीतील सहा जणांना फाशीची शिक्षा झाली होती. ५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्वतःचाच २००९ चा निकाल फिरवून त्यांना निर्दोष मुक्त केले. प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने पोलिसांकडील छायाचित्रांवरून वेगळ्याच चौघांना ओळखले होते. त्या दिशेने तपासच झाला नव्हता. न्यायालयाने राज्य शासनाला प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई देण्यास सांगितले. तोवर त्यांची सुमारे १६ वर्षे तुरुंगात गेली होती.