प्रलयाची थट्टा आणि तिचे प्रेक्षक

२०२१ च्या नाताळच्या सुट्टीत 'डोन्ट लुक अप' नेटफ्लिक्सवर आला, तेव्हा आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी तो सगळ्यांनी मिळून पाहिला असेल. गोष्ट थोडक्यात अशी. एक प्राध्यापक आणि त्याची पीएचडी करणारी विद्यार्थिनी यांना एक प्रचंड धूमकेतू सापडतो. सहा महिन्यांनी तो पृथ्वीवर आदळणार, हे गणित पक्कं आहे. ते राष्ट्राध्यक्षांना सांगतात, तर बाईंना निवडणुकीची काळजी. टीव्हीवर सांगतात, तर निवेदकांना बातमी हलकीफुलकी हवी. पुढे एका उद्योगपतीचा डोळा धूमकेतूतल्या खनिजांवर पडतो आणि त्याला वळवण्याची मोहीम अर्ध्या वाटेतून परत बोलावली जाते. शेवट व्हायचा तोच होतो.

चित्रपटावरून बरेच मतभेद झाले. इंग्रजीतल्या समीक्षकांपैकी जेमतेम निम्म्यांना तो आवडला. बाकीच्यांना थट्टा ढोबळ वाटली, आवाज चढा वाटला, दिग्दर्शक ॲडम मॅके आपल्याला शहाणपण शिकवतोय असं वाटलं. ब्रिटनच्या 'गार्डियन'च्या समीक्षकाने पाचपैकी दोन तारे दिले. त्याच महिन्यात त्याच 'गार्डियन'मध्ये पीटर काल्मस या हवामानशास्त्रज्ञाने लिहिलं की, तापत्या पृथ्वीकडे समाज कसा डोळेझाक करतो हे इतक्या अचूकपणे दाखवणारा दुसरा चित्रपट त्यांनी पाहिलेला नाही. प्रेक्षकांनी दोघांचीही वाट पाहिली नाही. २७ डिसेंबर ते २ जानेवारी या एका आठवड्यात हा चित्रपट १५ कोटींहून अधिक तास पाहिला गेला. नेटफ्लिक्सच्या चित्रपटासाठी तो तोवरचा साप्ताहिक विक्रम होता.

एकाला जे फसलेलं प्रहसन वाटलं, ते दुसऱ्याला जवळजवळ वृत्तचित्र वाटलं. असं का व्हावं? याचं उत्तर शोधायला १९६४ सालच्या अमेरिकेत जावं लागतं. तिथे अशाच एका चित्रपटावरून असाच वाद झाला होता. त्यातला कोण किती बरोबर होता हे आज तपासता येतं, कारण तेव्हा तिजोरीत असलेली कागदपत्रं आता उघडी झाली आहेत.

तो चित्रपट म्हणजे स्टॅन्ली कुब्रिक यांचा 'डॉ. स्ट्रेंजलव्ह'. त्याचं मूळ होतं 'रेड अलर्ट' ही १९५८ सालची कादंबरी. लेखक पीटर जॉर्ज हे ब्रिटिश हवाई दलात काम केलेले गृहस्थ, आणि कादंबरी पूर्ण गंभीर. पुढे अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले टॉमस शेलिंग यांनी अपघाताने युद्ध कसं पेटू शकेल यावर १९६० साली एक लेख लिहिला, त्यात या कादंबरीची चर्चा होती. कुब्रिक यांनी तो लेख वाचला. अण्वस्त्रांवरची पुस्तकं त्यांनी ढिगाने वाचली होती आणि त्यांना चित्रपटही गंभीरच करायचा होता. पण पटकथा लिहिताना एक अडचण येऊ लागली. प्रसंग जितका खरा करावा तितका तो हास्यास्पद होई. हसू टाळायचं तर खरे तपशीलच गाळावे लागत. शेवटी त्यांनी हसू ठेवायचं ठरवलं.

चित्रपटातला जनरल जॅक रिपर हा हवाई तळाचा प्रमुख. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड घालणं हे कम्युनिस्टांचं कारस्थान आहे, असं त्याच्या डोक्यात बसलेलं असतं. (ही कल्पना लेखकांना सुचलेली नव्हती, त्या काळी अमेरिकेत असं मानणारे लोक खरोखर होते.) तो कोणालाही न विचारता आपल्या बी-५२ विमानांना रशियावर हल्ल्याचा हुकूम देतो. राष्ट्राध्यक्ष विचारतात, हा अधिकार तर फक्त मला आहे ना? तेव्हा त्यांना सांगितलं जातं की वरचे सगळे मारले गेले तर खालच्या सेनापतीला हुकूम देता यावा अशी एक योजना आहे, आणि तिला तुम्हीच मंजुरी दिली होती. तिकडे रशियाने एक प्रलययंत्र बसवलेलं असतं. हल्ला होताच ते आपोआप सुरू होणार आणि कोणालाही थांबवता येणार नाही. पीटर सेलर्स यांनी यात तीन भूमिका केल्या. 'द पार्टी'तला हृंदी बक्षी म्हणून आपण ज्यांना ओळखतो, आणि ज्यांच्यावर हसावं की रागवावं याबद्दल आपल्यातच दोन तट आहेत, तेच हे सेलर्स.

समीक्षकांसाठी पहिला खेळ २२ नोव्हेंबर १९६३ रोजी ठरला होता. त्याच दिवशी डॅलसमध्ये केनेडींची हत्या झाली. प्रदर्शन जानेवारीअखेरपर्यंत पुढे ढकललं गेलं. एका वैमानिकाच्या तोंडी डॅलसमधल्या मौजमजेचा उल्लेख होता, तिथे 'व्हेगस' असा आवाज भरण्यात आला. सुरुवातीला पडद्यावर एक निवेदनही होतं. आपल्या सुरक्षा व्यवस्थेमुळे असे प्रसंग घडूच शकत नाहीत, अशी हवाई दलाची ग्वाही त्यात दिलेली होती. क्यूबाच्या पेचप्रसंगाला तेव्हा जेमतेम सव्वा वर्ष झालं होतं, हे लक्षात घेतलं की ही ग्वाही वाचून किती जण निर्धास्त झाले असतील याचा अंदाज येतो.

'न्यूयॉर्क टाइम्स'चे ज्येष्ठ समीक्षक बॉस्ली क्राउदर यांनी चित्रपटाची करामत मान्य केली, पण ते मनातून अस्वस्थ झाले. साऱ्या संरक्षण व्यवस्थेची, थेट सर्वोच्च सेनापतीपर्यंत, अशी खिल्ली उडवणं त्यांना रोगट वाटलं. त्यावर इतिहासकार लुईस ममफर्ड यांनी त्याच वृत्तपत्राला पत्र लिहिलं. त्यांचा मुद्दा असा: रोगट चित्रपट नाही. जनतेत चर्चेचं नाटकदेखील न करता सर्वनाशाचं धोरण आखू देणारा, स्वतःला नीतिमान आणि लोकशाहीवादी म्हणवणारा देश रोगट आहे. सुसान सोंटॅग यांनी तिसराच सूर लावला. बुद्धिजीवी या चित्रपटाची नको इतकी स्तुती करताहेत, त्यापेक्षा तिकिटासाठी रांगा लावणाऱ्या सोळा वर्षांच्या पोरांना तो अधिक बरोबर कळलाय, असं त्यांचं मत पडलं.

आणखी एक प्रेक्षक होते डॅनियल एल्सबर्ग. पुढे व्हिएतनाम युद्धाची गुप्त कागदपत्रं फोडल्यामुळे ते जगाला ठाऊक झाले, पण तेव्हा ते अणुयुद्धाच्या योजनांवर काम करणारे तज्ज्ञ होते. १९६४ च्या सुरुवातीला ते आणि त्यांचे सहकारी हॅरी रोवेन भर दुपारी, कामाचा भाग म्हणून, हा चित्रपट पाहायला गेले. थिएटरबाहेर उन्हात आल्यावर दोघांचं एकमत झालं की आपण आत्ता पाहिलं ते जवळपास वृत्तचित्रच होतं. पॅसिफिकमधल्या सेनादलांचा अभ्यास करताना एल्सबर्ग यांना कळलं होतं की, राष्ट्राध्यक्षांशी संपर्क तुटल्यास अण्वस्त्रं वापरण्याचा अधिकार आयझेनहॉवर यांनी काही सेनापतींना आधीच देऊन ठेवला आहे. जी योजना ऐकून थिएटरात लोक हसत होते, तिच्याशी मिळतीजुळती योजना त्यांनी कागदावर पाहिली होती.

ही गोष्ट सर्वसामान्यांना कळायला तीसहून अधिक वर्षं लागली. हळूहळू बाकीचेही कागद बाहेर आले. अस्त्रांना सांकेतिक कुलपं बसवण्याचा आदेश केनेडींनी जून १९६२ मध्ये दिला होता, पण तो युरोपात ठेवलेल्या अस्त्रांपुरताच. म्हणजे एखादा रिपर अगदीच अशक्य नव्हता. उत्तर कॅरोलायनात, रालेपासून तासाभरावर असलेल्या गोल्ड्सबरोजवळ जानेवारी १९६१ मध्ये एक बी-५२ कोसळलं आणि त्यातून दोन हायड्रोजन बॉम्ब खाली पडले. त्यातला एक फुटला नाही तो एका साध्या स्विचमुळे, असं एका सरकारी अभियंत्याने लिहून ठेवलेलं टिपण २०१३ साली उघड झालं. आणि प्रलययंत्र? सोव्हिएत संघाने १९८० च्या दशकात 'पेरिमीटर' नावाची यंत्रणा खरोखर उभी केली. वरचं नेतृत्व नष्ट झालं तरी प्रतिहल्ला व्हावा, यासाठी ती होती. पूर्ण आपोआप चालणारी नव्हती, शेवटचा निर्णय घ्यायला तळघरात माणसं होती, एवढाच फरक. तीही गुप्तच ठेवलेली होती. धाक घालण्यासाठी बांधलेलं यंत्र लपवून ठेवलं तर त्याचा उपयोग काय, हा चित्रपटातला प्रश्न जशास तसा लागू पडला.

हवाई दलाच्या ग्वाहीपेक्षा थट्टाच सत्याच्या जवळ होती, असा निकाल इतिहासाने दिला. मग क्राउदर चुकले का? मला तसं सरसकट म्हणवत नाही. हे सगळे लोक निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरं देत होते. समीक्षक विचारतो, हे जमलंय का, शोभतंय का? आतली माहिती असलेला माणूस विचारतो, हे खरं आहे का? ममफर्ड आणि सोंटॅग यांच्यासारखे विचारतात, हे पाहून समाजाचं काय होतं? २०२१ सालचा वाद याच कारणाने मिटला नाही. 'गार्डियन'चा समीक्षक पहिल्या प्रश्नाला उत्तर देत होता, काल्मस दुसऱ्या. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक होते, पण एकमेकांशी बोलत नव्हते.

दोन्ही चित्रपटांत एक मोठा फरकही आहे. 'डॉ. स्ट्रेंजलव्ह'मध्ये मूर्ख ठरतात ते सेनापती, मुत्सद्दी आणि शास्त्रज्ञ. प्रेक्षक त्या बंद खोलीबाहेर असतो, त्यामुळे त्याला मोकळेपणी हसता येतं. 'डोन्ट लुक अप'मध्ये बंद खोली नाही. धूमकेतू उघड्या आकाशात दिसतो आहे आणि तरी वर बघू नका म्हणणाऱ्यांच्या सभेला गर्दी होते. इथे थट्टा नेत्यांची आहे, तशीच फोनवर बोट फिरवत बसणाऱ्या आपलीही आहे. 'मला शिकवतोय' ही चीड त्यातूनच आली असावी. शिवाय पटकथा लिहिली होती हवामानबदल डोळ्यांपुढे ठेवून, पण चित्रपट येईपर्यंत जगाने कोविड पाहिला होता. म्हणून अनेकांना त्यात मास्क आणि लशीवरून झालेली भांडणं दिसली. एका घरात बसलेले चौघे चार वेगळ्या संकटांवरचा चित्रपट पाहत होते.

आपल्या वाचकांसाठी त्यात आणखी एक जागा आहे. खनिजांच्या वाटणीतून वगळलेले भारत, रशिया आणि चीन मिळून धूमकेतू वळवण्याची स्वतःची मोहीम आखतात, आणि ती बैकोनूरच्या तळावरच स्फोटात संपते. हे सगळं काही क्षणांत उरकतं. निर्णय एका देशाने घ्यायचा आणि परिणाम सगळ्यांनी भोगायचे, ही गोष्ट निर्णय घेणाऱ्या देशात राहून ज्यांचे आईवडील दुसऱ्या देशात उन्हाळे सोसत आहेत, त्यांना बहुधा थोडी जास्त टोचते.

थट्टेने काही बदलतं का, याचं सोपं उत्तर नाही. १९६४ सालीच, त्याच कोलंबिया कंपनीने, जवळजवळ त्याच कथेवरचा 'फेल सेफ' हा गंभीर चित्रपट काढला. दिग्दर्शक सिडनी लुमे, राष्ट्राध्यक्षांच्या भूमिकेत हेन्री फोंडा. चित्रपट चांगला होता, पण चालला नाही. लोकांच्या लक्षात राहिली ती थट्टाच. 'डॉ. स्ट्रेंजलव्ह'ला ऑस्करची चार नामांकनं मिळाली, पुरस्कार एकही नाही. 'डोन्ट लुक अप'चंही अगदी तसंच झालं. पुढे ऑलिव्हर स्टोन यांनी खुद्द पुतिन यांना 'डॉ. स्ट्रेंजलव्ह' दाखवला. तेव्हापासून फारसं काही बदललेलं नाही, असं तेही म्हणाले. ज्यांच्या हाताखाली हजारो अण्वस्त्रं आहेत त्या माणसाने हे शांतपणे मान्य करावं, याहून बोचरा प्रसंग कुब्रिक यांनाही सुचला नसता.

आणि एल्सबर्ग? जे पडद्यावर आहे ते खरं आहे, हे इतर कोणाही प्रेक्षकापेक्षा त्यांना जास्त ठाऊक होतं. तरीही त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते संरक्षण खात्यात नोकरीला लागले. व्हिएतनामची कागदपत्रं वृत्तपत्रांच्या हाती पडायला १९७१ उजाडलं. अणुयुद्धाच्या योजनांबद्दल जे माहीत होतं ते त्यांनी सविस्तर पुस्तकात मांडलं २०१७ साली, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी. पुस्तकाला नाव दिलं ते प्रलययंत्राचं, म्हणजे त्या दुपारी पाहिलेल्या चित्रपटातलंच.