एलेन वेस्टचे प्रकरण : मानसोपचारास तत्त्वज्ञानाचे साहाय्य आणि त्याची मर्यादा

तत्त्वज्ञानाच्या अध्ययनाने मानसोपचारकाच्या कार्यास कोणता लाभ होतो, हा प्रश्न बहुधा केवळ तात्त्विक पातळीवर चर्चिला जातो. त्याचे उत्तर इतिहासात शोधावयाचे झाल्यास विसाव्या शतकातील स्विट्झर्लंडकडे वळावे लागते. तेथील काही मनोविकारतज्ज्ञांनी समकालीन जर्मन तत्त्वज्ञानाचा नुसता अभ्यास केला नाही. रुग्णाकडे पाहण्याची आपली दृष्टीच त्याच्या आधारे नव्याने घडविण्याचा त्यांनी प्रयत्न केला. ह्या प्रयत्नास पुढे 'अस्तित्वविश्लेषण' हे नाव प्राप्त झाले. त्याच्या इतिहासात 'एलेन वेस्ट' ह्या टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या एका स्त्रीचा रुग्णवृत्तान्त मध्यवर्ती स्थानी आहे. तत्त्वज्ञानाने उपचारकास काय दिले आणि काय दिले नाही, ह्या दोन्ही गोष्टी त्या वृत्तान्तात एकत्र पाहावयास मिळतात.

१

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मनोविकारशास्त्र हे निसर्गविज्ञानाच्या वाटेने चालले होते. एमिल क्रेपेलिनने विकारांचे वर्गीकरण त्यांचा क्रम आणि त्यांची परिणती ह्यांवरून केले. ह्या पद्धतीने शास्त्रास शिस्त लाभली. परंतु रुग्णाचे बोलणे हे त्यामुळे केवळ लक्षण ठरले. रुग्ण जे सांगतो त्यात त्याला स्वतःला कोणता अर्थ दिसतो, हे विचारण्याचे कारण उरले नाही.

ह्या उणिवेची जाणीव तत्त्वज्ञानाच्या बाजूने प्रथम झाली. निसर्गातील घटनांचे स्पष्टीकरण करावयाचे असते, मानसिक जीवनाचे आकलन करावयाचे असते, असा भेद विल्हेल्म डिल्टायने केला होता. एडमुंड हुस्सेर्लने रूपविवेचनवादाची, म्हणजे फेनॉमेनॉलॉजीची, पद्धती मांडली. अनुभवाविषयीची गृहीतके बाजूस ठेवून अनुभव जसा येतो तसा त्याचे वर्णन करावे, हे तिचे सूत्र होते. हायडेलबर्गच्या चिकित्सालयात काम करणाऱ्या कार्ल यास्पर्सने १९१३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या मनोविकृतिशास्त्रावरील ग्रंथात ह्या दोन्ही विचारांचा उपयोग केला. तथापि यास्पर्सने आकलनास एक सीमा घातली. छिन्नमनस्कतेतील खरे भ्रम हे आकलनाच्या पलीकडचे आहेत, त्यांचे केवळ कारणात्मक स्पष्टीकरणच संभवते, असे त्याचे मत होते. ही सीमा ओलांडता येईल काय, हा पुढील पिढीचा प्रश्न झाला.

२

लुडविग बिन्स्वांगर (१८८१–१९६६) हा ह्या पिढीचा प्रमुख प्रतिनिधी होय. कॉन्स्टन्स सरोवराच्या काठी क्रॉइट्सलिंगेन येथे त्याच्या आजोबांनी १८५७ साली 'बेलव्ह्यू' हे खाजगी आरोग्यधाम स्थापन केले होते. झुरिचच्या बुर्गहॉल्ट्स्ली रुग्णालयात ऑयगेन ब्लॉयलर आणि युंग ह्यांच्या हाताखाली शिकून तो त्या संस्थेचा प्रमुख झाला आणि १९५६ पर्यंत त्याने ती सांभाळली. १९०७ साली तो युंगसमवेत व्हिएन्नास जाऊन फ्रॉइडला भेटला. त्या वेळी जडलेला स्नेह फ्रॉइडच्या मृत्यूपर्यंत टिकला, हे विशेष आहे. कारण विचारांच्या बाबतीत दोघे हळूहळू दूर गेले. १९३६ साली फ्रॉइडच्या ऐंशीव्या वाढदिवसानिमित्त व्हिएन्नात दिलेल्या व्याख्यानात बिन्स्वांगरने, मनोविश्लेषण मनुष्यास केवळ निसर्गाचा एक भाग म्हणून पाहते, असा आक्षेप नोंदविला. फ्रॉइडने पत्राने सौजन्यपूर्वक आपली असहमती कळविली.

हायडेगरचा 'सत् आणि काल' हा ग्रंथ १९२७ साली प्रसिद्ध झाला आणि बिन्स्वांगरला आपल्या शोधाची दिशा सापडली. मनुष्य हा प्रथम बंदिस्त मन असून नंतर बाह्य जगाशी संबंध जोडतो, ही कल्पना हायडेगरने नाकारली. मनुष्याचे असणे हे मुळातच जगात असणे आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. हा विचार रुग्णशय्येपाशी आणल्यास विचारण्याचा प्रश्नच बदलतो. रुग्णाच्या मेंदूत अगर नेणिवेत काय बिघडले आहे, ह्याच्या आधी रुग्ण कोणत्या जगात वावरत आहे, हे पाहावे लागते. त्याचा काल थांबला आहे की धावत आहे, त्याचा अवकाश आकुंचित आहे की निराधार, इतर माणसे त्याला कशी दिसतात, हे जाणून घ्यावे लागते. यास्पर्सने घातलेली सीमा ह्या प्रश्नाने मागे हटली. भ्रमातही एक जग असते आणि त्या जगास त्याची स्वतःची रचना असते, हे मान्य झाले. तत्त्वज्ञानाने मानसोपचारकास दिलेला हा पहिला आणि निर्विवाद लाभ होय.

३

एलेन वेस्ट बेलव्ह्यूमध्ये १४ जानेवारी १९२१ रोजी पतीसह दाखल झाली. लठ्ठ होण्याची तीव्र भीती आणि अन्नाची तितकीच तीव्र ओढ ह्यांच्या कात्रीत ती अनेक वर्षे सापडली होती. ती कविता करी, दैनंदिनी लिही आणि आपल्या स्थितीचे स्वतःच सूक्ष्म पृथक्करण करी. तरुणपणी ठरलेला तिचा एक विवाह वडिलांच्या इच्छेवरून मोडला होता. पुढे वयाच्या २८ व्या वर्षी तिने आपल्या चुलतभावांपैकी एकाशी विवाह केला. बेलव्ह्यूमध्ये येण्यापूर्वी तिने दोन मनोविश्लेषकांकडून उपचार घेतले होते. विश्लेषक आपल्याला उमज देऊ शकतो, आरोग्य देऊ शकत नाही, अशा आशयाचे उद्गार तिने त्या अनुभवाविषयी काढले आहेत. ह्या प्रकरणाच्या पुढील इतिहासाचे सार त्या उद्गारांत आधीच आले आहे.

मार्च महिन्यात आत्मघाताचा धोका वाढला. बेलव्ह्यूच्या खुल्या विभागात तिला ठेवण्याची जबाबदारी घेणे अशक्य झाले होते. तिला बंद विभागात हलवावे किंवा घरी पाठवावे, असे दोनच मार्ग बिन्स्वांगरने पतीपुढे ठेवले. बऱ्या होण्याची किंवा निदान लक्षणीय सुधारणेची हमी मिळाल्यासच बंद विभागास आपण संमती देऊ, असे पतीचे म्हणणे होते. २४ मार्च रोजी ब्लॉयलर व आणखी एक परदेशी तज्ज्ञ ह्यांच्यासमवेत विचारविनिमय झाला. ब्लॉयलरने छिन्नमनस्कतेचे निदान केले. परदेशी तज्ज्ञास ते निदान मान्य नव्हते. मात्र खात्रीचा उपचार उपलब्ध नाही, ह्याविषयी तिघांचे एकमत झाले. ३० मार्च रोजी तिला घरी जाऊ दिले. घरी गेल्यावर तिसऱ्या दिवशी ती अगदी बदललेली दिसली. अनेक वर्षांत प्रथमच ती पोटभर जेवली, तिने काव्यवाचन केले, पत्रे लिहिली. आणि त्याच रात्री तिने आपले जीवन संपविले. त्या वेळी ती ३३ वर्षांची होती.

४

ह्या घटनेवरील बिन्स्वांगरचा विस्तृत निबंध १९४४–४५ साली, म्हणजे घटनेनंतर तब्बल तेवीस वर्षांनी प्रसिद्ध झाला. १९५८ साली रोलो मे, अर्नेस्ट एंजल व आंरी एलेनबर्गर ह्यांनी संपादित केलेल्या 'एक्झिस्टन्स' ह्या ग्रंथातून त्याचे इंग्रजी भाषांतर आले आणि तो जगभर वाचला गेला. एलेनच्या अनुभवविश्वाचे त्यातील वर्णन असामान्य आहे. एकीकडे हलके, उंच, निर्भार असे आकाशमय जग आणि दुसरीकडे जड, ओलसर, कुजणारे, थडग्यासारखे जग. ह्या दोहोंत व्यवहाराचे जमिनीवरील जग उत्तरोत्तर क्षीण होत गेले. लठ्ठ होण्याची भीती हे एखाद्या दडपलेल्या वासनेचे केवळ प्रतीक राहत नाही. त्या अंधाऱ्या जगात बुडण्याची ती भीती ठरते. इतक्या सहानुभूतीने लिहिलेले रुग्णवर्णन त्यापूर्वीच्या मनोविकारशास्त्रात विरळाच आढळते.

परंतु निबंधाची परिणती वाचकास अस्वस्थ करते. एलेनचे अस्तित्व मृत्यूसाठी परिपक्व झाले होते आणि अखेरच्या दिवशी ती खऱ्या अर्थाने स्वतः झाली, अशा आशयाचे विवेचन बिन्स्वांगर करतो. ह्या ठिकाणी कालक्रमाकडे लक्ष देणे अगत्याचे आहे. १९२१ साली 'सत् आणि काल' लिहिला गेलेला नव्हता. घरी पाठविण्याचा निर्णय निदान, भवितव्य आणि संस्थेची जबाबदारी ह्या वैद्यकीय विचारांच्या चौकटीत झाला होता. त्यात पतीची इच्छा होती आणि डॉक्टरांची हतबलताही होती. म्हणून तत्त्वज्ञानामुळे रुग्ण दगावली, हा काही टीकाकारांचा ध्वनी इतिहासास धरून नाही. तथापि अनेक माणसांनी मिळून घेतलेल्या एका निर्णयास त्या तत्त्वज्ञानाने नंतर एका व्यक्तीच्या अस्तित्वाची अटळ गती असे रूप दिले, हे नाकारता येत नाही. जे टळू शकले असते ते अटळ भासू लागले.

कार्ल रॉजर्सने १९६१ साली ह्या प्रकरणावर लिहिताना नेमके ह्यावर बोट ठेवले. आपल्या भावनांवरील विश्वास एलेनला तिच्या आयुष्यात वारंवार सोडावा लागला, आणि उपचारकांनीही तिच्याशी व्यक्ती म्हणून नाते न जोडता तिला अभ्यासाची वस्तू मानले, असा त्याच्या टीकेचा आशय आहे. बेलव्ह्यूची कागदपत्रे पुढे ट्युबिंगेन विद्यापीठाच्या अभिलेखागारात आली. त्यांच्या आधारे २००३ साली अल्ब्रेख्ट हिर्शम्युलरने मूळ साधने प्रसिद्ध केल्यावर निबंधातील एलेन आणि प्रत्यक्ष रुग्ण ह्यांची तुलना करणे संशोधकांस शक्य झाले आहे.

५

तत्त्वज्ञानाचा निराळ्या प्रकारचा उपयोग झुरिचनजीकच्या त्सोलिकॉन गावी झाला. मेडार्ड बॉस (१९०३–१९९०) ह्या मनोविकारतज्ज्ञाने १९४७ साली हायडेगरला पत्र लिहिले. १९३३ साली फ्रायबुर्ग विद्यापीठाचे कुलगुरुपद आणि नाझी पक्षाचे सभासदत्व स्वीकारल्यामुळे युद्धोत्तर काळात हायडेगरवर अध्यापनबंदी होती. ह्या नैतिक डागाचे विस्मरण कोणत्याही इतिहासलेखकास करता येणार नाही. माणसाविषयीचे सखोल चिंतन माणसास विवेक शिकवितेच असे नाही, ह्याची ती साक्ष आहे. तरीही पत्रव्यवहारातून स्नेह वाढला, आणि ८ सप्टेंबर १९५९ रोजी बुर्गहॉल्ट्स्लीच्या सभागृहात हायडेगरने मनोविकारतज्ज्ञांसाठी पहिला चर्चावर्ग घेतला. तेथील वातावरण चर्चेस अनुकूल नसल्याने पुढील वर्ग बॉसच्या घरी भरू लागले आणि १९६९ पर्यंत चालले. बॉस १९५६ व १९५८ साली भारतातही येऊन गेला होता आणि त्या अनुभवावर त्याने १९५९ साली ग्रंथ लिहिला होता. पाश्चात्य मानसशास्त्राची गृहीतके तपासण्याची वृत्ती त्या प्रवासातही दिसते.

ह्या वर्गांत रुग्णांचा अर्थ लावण्याचा आग्रह फारसा नव्हता. काल म्हणजे काय, अवकाश म्हणजे काय, शरीर आणि देह ह्यांत भेद कोणता, असे प्रश्न हायडेगर विचारी आणि निसर्गविज्ञानात मुरलेले डॉक्टर बराच वेळ निरुत्तर राहत. पृथ्वीवासीयांच्या भेटीस मंगळावरचा मनुष्य यावा तसे ते आरंभीचे प्रसंग होते, असे बॉसने नमूद केले आहे. १९६५ सालच्या एका वर्गात दुःखाचे मोजमाप करता येईल काय, असा प्रश्न निघाला. अश्रूंचे मोजमाप केले तरी जे मोजले जाते तो द्रव असतो, दुःख नव्हे, असा त्या चर्चेचा रोख होता. उपचारकाच्या रोजच्या नोंदवहीस लागू पडणारा हा विचार आहे.

ह्याहून महत्त्वाचा आहे तो 'सत् आणि काल' मधील काळजी घेण्याच्या दोन प्रकारांचा भेद. पहिल्या प्रकारात मनुष्य दुसऱ्याच्या जागी उडी घेऊन त्याचा भार स्वतः उचलतो. त्यामुळे दुसरा परावलंबी होण्याचा संभव असतो. दुसऱ्या प्रकारात तो दुसऱ्याच्या पुढे जाऊन वाट मोकळी करतो आणि त्याची काळजी त्यालाच परत देतो. बॉसने मानसोपचाराचे ध्येय ह्या दुसऱ्या प्रकारात पाहिले. बिन्स्वांगरने आपल्या विचारांचा विपर्यास केला, असा हायडेगरचा आक्षेप होता, आणि आपला तो गैरसमज असला तरी फलदायी होता, असे बिन्स्वांगरने पुढे मान्य केले.

६

सारांश, तत्त्वज्ञान मानसोपचारकास दोन रीतींनी उपयोगी पडू शकते, आणि त्यांचे मोल सारखे नाही. उपचारक स्वतःच्या गृहीतकांना प्रश्न विचारतो, रुग्णाचे बोलणे लक्षण म्हणून नोंदविण्यापूर्वी ऐकून घेतो, आणि त्याचा भार उचलावा की त्याला वाट मोकळी करून द्यावी ह्याचा विवेक करतो, तेव्हा तत्त्वज्ञान उपचाराच्या आधी आणि उपचारासमवेत काम करते. घटना घडून गेल्यावर तिला परिपूर्ण अर्थ देणारे तत्त्वज्ञान विद्वत्तेच्या दृष्टीने कितीही समृद्ध असले, तरी त्यात रुग्णाच्या हाती काही पडत नाही. उलट उपचारकाच्या मनातील अस्वस्थता मात्र त्यामुळे शमण्याचा संभव असतो. ती अस्वस्थता शिल्लक राहणे हेच पुढील रुग्णाच्या हिताचे असते. उमज आणि आरोग्य ह्यांतील अंतर एलेन वेस्टने १९२१ पूर्वीच ओळखले होते. तिच्यावर लिहिल्या गेलेल्या प्रत्येक ग्रंथाचे मूल्यमापन त्या अंतराच्या मापानेच करावे लागते.