जात्यावरील ओवी, मुळशी खोऱ्यातील
पहाटे दळण दळताना स्त्रियांनी गायिलेली, बहुधा दोन ओळींची मौखिक गीतरचना. श्रमगीतांचा हा प्रकार महाराष्ट्रात सर्वत्र आढळत असला, तरी पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्याच्या डोंगराळ गावांत त्याचे विशेष लक्षपूर्वक संकलन झाले आहे. बाराव्या शतकातील मानसोल्लास या तिसऱ्या सोमेश्वराच्या ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, असा उल्लेख आहे. त्यावरून या गीतप्रकाराचे प्राचीनत्व दिसून येते.

दोघीजणी समोरासमोर बसून जात्याचा खुंटा धरीत. एकीने ओवी सुरू करावी व दुसरीने साथ द्यावी, अशी रीत असे. चालीला ‘गळा’ म्हणतात. माहेर, भाऊ, सासुरवास, पंढरीची वारी, सीतेचा वनवास, तसेच डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे ओव्यांचे प्रमुख विषय होत. एरवी मोकळेपणाने बोलण्यास वाव नसलेल्या स्त्रीला जात्यापाशी आपले सुखदुःख सांगता येई.

साने गुरुजींनी स्त्रीजीवन या ग्रंथात अशा ओव्या संकलित केल्या. पुढे १९८० नंतरच्या दशकात हेमा राईरकर व गी पॉइटवाँ या समाजशास्त्रज्ञांनी ‘गरीब डोंगरी संघटने’तील स्त्रियांच्या सहकार्याने हे कार्य हाती घेतले. मुळशीतील नांदगाव, कोळवडे इ. गावांतील स्त्रियांनी त्यात भाग घेतला. कालांतराने महाराष्ट्रातील एक हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. संगीतशास्त्रज्ञ बेर्नार बेल यांच्या साहाय्याने त्यांपैकी अनेक ध्वनिमुद्रित करण्यात आल्या. २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताविषयीच्या संग्रहामार्फत त्या प्रसिद्ध होऊ लागल्या.

श्रमातून जन्मलेले संगीत श्रमापासून वेगळे झाल्यावरही टिकते, याचे प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेत आढळते. ॲलन लोमॅक्स यांनी १९४१ मध्ये मिसिसिपीतील एका कापूसमळ्यावर मडी वॉटर्स या मजुराचे ब्लूज गायन ध्वनिमुद्रित केले. त्याच्या १९५० च्या एका गीतावरून ‘रोलिंग स्टोन्स’ या इंग्लिश वाद्यवृंदाने १९६२ मध्ये आपले नाव घेतले. १९६० नंतरच्या दशकाअखेरीस ‘रूट्स रॉक’ने याच ग्रामीण मुळांकडे पुन्हा वळण घेतले. ब्लूजला व्यावसायिक रंगमंच लाभला. ओवीला तो तितकासा लाभला नाही.

मुळशी धरणाविरुद्ध सेनापती बापट प्रभृतींनी १९२१–२४ मध्ये सत्याग्रह केला. तथापि धरण झाले व १९२७ पासून त्याच्या पाण्यावर भिरा येथे निर्माण होणारी वीज मुंबईकडे गेली. खोऱ्यातील गावांत पिठाच्या गिरण्या पुढे आल्या आणि जाते थांबले. स्त्रियांचे कष्ट त्यामुळे कमी झाले, हे निःसंशय. परंतु पहाटेची ती हक्काची जागाही त्याबरोबर गेली. लग्नात हळद दळताना जाते अद्यापि पुजले जाते व ओवी गायिली जाते. मात्र नवी ओवी रचण्याचा नित्याचा प्रसंग उरलेला नाही. ध्वनिमुद्रणाने गळा जतन केला आहे; रचनेची परंपरा पुढे चालविणे त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे.